सणाचं ताट आणि शरीराचा हिशेब: रायगडच्या खिचडीपासून आजच्या मोदकापर्यंत

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जे निसटलं ते इथे नीट मांडलंय आणि जे दोनदा बोललो ते कमी केलंय.

आजचा विषय एका मेसेजमधून आला. महाड तालुक्यातल्या तुडीलहून एका ताईंनी लिहिलं होतं. वय तिशीच्या आत, पाळी अनियमित, डॉक्टरांनी पीसीओएस सांगितलंय आणि गोड आणि भात बेताने घ्या म्हटलंय. वर्षभर त्या सांभाळतात. पण गणपतीला मुंबईहून घरची माणसं येतात, घर भरतं, आणि मग त्या लिहितात, "सगळ्यांना वाढताना माझं मला काय खाल्लं ते कळतच नाही. नको म्हटलं तर सासूबाईंना वाटतं, सणाला तोंड वाकडं करते. आपल्या आज्या-पणज्या हे सगळं खाऊनच ठणठणीत होत्या ना?"

शेवटचा प्रश्न इतिहासाचा आहे, म्हणून तो मी घेतला. आज्या-पणज्या खरंच हेच खायच्या का? एवढंच खायच्या का? आणि त्यांना ते निवडायची मुभा होती का? गंमत अशी की या तिन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरं महाडच्या आसपासच सापडतात.

रायगडावरची खिचडी

सुरुवात करू 1674 पासून. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक 6 जूनला रायगडावर झाला. रायगड महाड तालुक्यातच आहे, महाड शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर. या सोहळ्याला मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला होता. सोबत त्याची माणसं होती आणि ही मंडळी काही आठवडे राहिली. या मुक्कामाची हकिगत जॉन फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टरने आपल्या प्रवासवर्णनात दिली आहे. ते पुस्तक 1698 मध्ये छापलं गेलं.

त्यात जेवणाबद्दल दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे, इथल्या लोकांचं जेवण फार प्रकारांचं किंवा खर्चाचं नसतं, त्यांना सगळ्यात आवडते ती खिचडी. डाळ आणि तांदूळ एकत्र शिजवून त्यात लोणी किंवा तूप. यावर माणसं चांगली धष्टपुष्ट होतात, असंही तो म्हणतो. इंग्रजांना मात्र हे काही पुरेना. मग त्यांच्यासाठी बकऱ्याच्या मटणाची सोय झाली. दुसरी गोष्ट या मटण पुरवणाऱ्या म्हाताऱ्या खाटकाची. ही मोजकी माणसं इतक्या थोड्या दिवसांत एवढं मटण खातात, जेवढं आपण कित्येक वर्षांत विकलं नाही, याचं त्याला इतकं नवल वाटलं की नुसतं त्यांना बघायला तो गड चढून वर आला!

आता ही गोष्ट आपण हसून सोडून देतो. पण थोडं थांबून बघा. सोहळा साधासुधा नाही, राज्याभिषेक आहे. तिथे पक्वान्नं झाली असणारच, दानधर्म आणि ब्राह्मणभोजनं झाली. तरीही परक्या माणसाच्या डोळ्यात भरलं ते इथलं रोजचं जेवण आणि त्याचा साधेपणा. आणि त्या खाटकासाठी मटण ही सणावारी विकली जाणारी चीज होती, रोजची नव्हे. म्हणजे सणाचं जेवण आणि रोजचं जेवण यांच्यात मोठी दरी होती. पुढचा सगळा इतिहास ही दरी कशी बुजत गेली त्याचा आहे, असं म्हटलं तरी चालेल.

जुन्या वैद्यांना काय माहीत होतं

त्याच काळात, त्याच परिसरात आणखी एक धागा आहे. महाडच्या पलीकडे शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाचं लेखन तिथे केलं, अशी परंपरा आहे. रामदासांच्या ओळखीतले एक पंडित होते, रघुनाथ गणेश नवहस्त. ते पुढे दक्षिणेत तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाला गेले आणि त्यांनी 'भोजनकुतूहल' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. काळ साधारण सतराव्या शतकाचा शेवट. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले अभ्यासक प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाबद्दल बरंच लिहिलं आहे. जिलबीचा इतिहास शोधताना गोडे या ग्रंथापर्यंत आले, कारण त्यात जिलबीची कृती आहे.

पण हा नुसता पाककृतींचा ग्रंथ नाही. कुठल्या धान्याचा, भाजीचा, दुधाचा, पक्वान्नाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे जुन्या वैद्यकग्रंथांच्या आधारे त्यात सांगितलंय. म्हणजे जिलबी कशी करायची हेही, आणि ती कोणाला सोसते हेही. त्या काळच्या माणसाला या दोन वेगळ्या गोष्टी वाटत नव्हत्या.

आणि त्याही आधीचं बघायचं तर चरकसंहितेत प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगगटाची, कारणं दिली आहेत. कुठली? बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, दूध, पाणथळ भागातल्या प्राण्यांचं मांस, नवं धान्य आणि गुळाचे पदार्थ. यादीत पहिलं नाव गुळाचं नाही, बसून राहण्याचं आहे. सुश्रुतसंहितेत ज्याच्याकडे पैसा नाही अशा रोग्याला सांगितलंय की शंभर योजनं चालत जा, गाईंच्या मागे फिर. वैद्याला कळत होतं की हा आजार ताटातून जितका येतो तितकाच पाटावरून न उठण्यातून येतो.

हे मी एवढ्यासाठी सांगतोय, की "गूळ म्हणजे आपलं, त्याने काही होत नाही" असं जे आपण आज म्हणतो, ते आपल्याच जुन्या ग्रंथांना मान्य नव्हतं.

आज्या-पणज्यांचं वर्ष

आता येऊ ताईंच्या प्रश्नाकडे. पणजी काय खायची?

1883 चं कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटियर उघडलं, तर महाडच्या भागाचं चित्र स्पष्ट दिसतं. खाली खाचरांत भात, आणि वर डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. तांदूळ पिकायचा, पण तो पिकवणाऱ्याच्या घरात वर्षभर शिजायचाच असं नव्हतं. खोताचा वाटा, सावकाराचं देणं, बाजार, हे सगळं झाल्यावर जे उरेल ते घरात. पुष्कळ घरांत रोजची भाकरी नाचणीची, सोबत कुळथाचं पिठलं किंवा सुक्या मासळीचं कालवण. तांदळाचा भात हीच एक चैन.

आणि वर्षाला एक लय होती. नवं भात आश्विनात हाताला यायचं, म्हणून आश्विनातल्या पौर्णिमेला कोकणात नव्याची पौर्णिमा म्हणतात. शिमग्यापर्यंत कणग्या बऱ्यापैकी भरलेल्या. मग आषाढ-श्रावणात त्या तळाला जायच्या. शेतात गुडघाभर चिखलात लावणीचं काम, आणि घरात धान्य सगळ्यात कमी. नेमकं त्याच्या मागोमाग गणपती यायचा.

आता सणाचे पदार्थ या लयीत ठेवून बघा. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून हळदीच्या पानातल्या वाफवलेल्या पातोळ्या. गणपतीला उकडीचे मोदक. तेही वाफवलेले. तेल महाग होतं, साखर जवळजवळ नव्हतीच. घरचा नारळ, घरचे तांदूळ आणि विकतचा थोडा गूळ. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातली भाजी: अळू, भोपळा, शिराळी, कांटोळी, लाल माठ, सुरण, कणसं. ही ऋषीची भाजी म्हणजे आजच्या कुठल्याही आहारतज्ज्ञाने डोळे मिटून मान्य करावी अशी गोष्ट. मग गौरी. कुणाकडे घावन-घाटलं, तर कोकणात पुष्कळ घरांत गौरीला मांसाहाराचा नैवेद्य, कोंबडी-वडे. महाडच्या आसपासच्या कोकणी मुसलमान घरांत ईदला शिरखुर्मा आणि मटणासोबत वाफवलेली सांदणं. धर्म वेगळा, पण हात तोच: तांदूळ, नारळ आणि वाफ.

म्हणजे पणजी मोदक खायची, हो. पण वर्षातून त्या एका सणाला, अर्धपोटी काढलेल्या दोन महिन्यांनंतर, आणि लावणी करून आलेल्या अंगाने. तिच्या शरीराला तो गूळ हवाच होता. आज आपण तोच मोदक खातो, पण त्याच्या आधीचे दोन महिने आणि त्याच्या आधीची लावणी गाळून.

आणि एक सांगतो. पणजी ठणठणीत होती, हेही अर्धंच खरं आहे. ज्या जगल्या त्यांनाच आपण आठवतो. बाळंतपणात गेलेल्या, तापाने गेलेल्या, कमरेत वाकलेल्या बायकांच्या गोष्टी घरात कुणी सांगत नाही. तो काळ सुखाचा होता असं मला अजिबात म्हणायचं नाही.

ताट कोणाचं, उष्टं कोणाचं

इथे एक गोष्ट सोडून पुढे गेलो तर महाडचा इतिहास अपुरा राहील. आपण "निवड" हा शब्द सहज वापरतो. काय खायचं ते निवडा. पण निवड करता येणं हाच मुळात एक हक्क आहे आणि तो महाडमध्ये लढून मागावा लागला.

19 आणि 20 मार्च 1927 ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. 20 मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना आणखी एक गोष्ट सांगितली: मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, आणि उष्ट्याचे तुकडे मागणं सोडा. सणाला दुसऱ्यांच्या पंगती उठल्यावर पत्रावळीवर जे उरायचं, ते एका अख्ख्या समाजाचं सणाचं जेवण होतं. ते नाकारा, असं ते सांगत होते. भूक असताना नाकारा.

आणि त्या दिवशी पुढे काय झालं? आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावात उठली आणि परिषदेला आलेल्यांवर हल्ला झाला. मांडवात माणसं जेवत होती. जेवण उधळलं, अन्न मातीत मिसळलं.

आज तुडीलच्या एका ताईंना नको म्हणता येत नाही, आणि 1927 मध्ये काही लोक नको म्हणायला शिकत होते. दोन्ही गोष्टी एकाच मापाच्या नाहीत, हे मला कळतं. पण ताटातलं नाकारणं म्हणजे माज नव्हे, तो माणसाचा अधिकार आहे, हे याच मातीत ठासून सांगितलं गेलंय. एवढं लक्षात ठेवू.

आणखी एक दुवा. बाबासाहेबांना स्वतःला पुढे मधुमेह झाला. 1947-48 च्या सुमारास, राज्यघटनेचं काम सुरू असताना, त्यांची तब्येत ढासळली होती. पायांचं दुखणं, झोप नाही, इन्सुलिन. 15 एप्रिल 1948 ला त्यांचं लग्न झालं ते डॉ. शारदा कबीर यांच्याशी, म्हणजेच पुढच्या माईसाहेबांशी. त्या स्वतः डॉक्टर. पथ्य, औषधं, जेवणाच्या वेळा हे सगळं त्यांनी हातात घेतलं. देशाची घटना लिहिली जात असताना लिहिणाऱ्याच्या घरात रोज एका हार्मोनचा हिशेब सुरू होता.

हार्मोन म्हणजे नेमकं काय

हा शब्दही तसा नवाच. 1905 मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने तो वापरात आणला. एका अवयवातून रक्तात सुटणारं आणि दुसऱ्या अवयवाला निरोप देणारं रसायन. 1921 मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं आणि जानेवारी 1922 मध्ये ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं गेलं.

इन्सुलिनचं काम सोप्या भाषेत सांगायचं तर रक्तातली साखर पेशींच्या घरात पोचवणं. आपण गोड किंवा पिठूळ खाल्लं की साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. पेशींनी दार नीट उघडलं नाही तर शरीर आणखी इन्सुलिन सोडतं. हे वाढलेलं इन्सुलिन बायकांच्या बीजांडकोशांपर्यंत पोचलं की तिथे पुरुषी हार्मोन जास्त तयार व्हायला लागतात, बीज वेळेवर सुटत नाही, पाळी चुकते, चेहऱ्यावर लव येते. पीसीओएस असलेल्या पुष्कळ बायकांमध्ये हे असं घडतं. म्हणजे ताईंचा मोदक आणि ताईंची पाळी यांचा संबंध आहे, तो इन्सुलिनच्या वाटेने.

आता यात आपल्या लोकांची एक खास भानगड आहे, आणि ती पुण्यात सापडली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. बाया बारीक, शेतावर राबणाऱ्या. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची 3.5 किलोची. पण मोजमाप केलं तर पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी आणि चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. दिसायला बारीक, आतून चरबीची. लंडनच्या गोऱ्या बाळांशी तुलना केली तेव्हा आपल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त निघालं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी आयांची ही सही म्हणायची.

2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापून आला होता. शेजारी शेजारी डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! आरशात दिसणारा बारीकपणा आपल्याला फसवतो, हे एका फोटोत कळतं. आपल्या खालच्या अंगाला, चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात, कोकणातल्या किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचाही असा दीर्घ अभ्यास सुरू आहे. प्रश्न तोच: आज बारीक असलेल्या मुलीचं उद्या काय होणार?

थोडक्यात, ज्या शरीराला शंभर वर्षं कमी खाण्याची सवय, त्याच्यापुढे आपण एकाएकी भरलेलं ताट ठेवलं.

ताट भरलं कधी

हे "एकाएकी" कधी झालं?

1932 मध्ये सरकारने देशी साखर कारखान्यांना संरक्षण देणारा कायदा केला. देशात तीसेक कारखाने होते, ते काही वर्षांत शंभराच्या वर गेले. 1937 मध्ये डालडा आला, म्हणजे तळण स्वस्त झालं. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं, आणि साखर कार्डावर मिळायला लागली. कार्डावर मिळते म्हणजे ती गरजेची वस्तू आहे, हे लोकांच्या मनात बसलं. 1950 मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मग पश्चिम महाराष्ट्रभर कारखाने झाले. घाटावर ऊस वाढला, आणि घाटाखाली चहात दोन चमचे पडायला लागले.

महाड-पोलादपूरच्या घरांत हे सगळं आणलं ते चाकरमान्यांनी. गिरणीत, गोदीत, खानावळीत राबणारा माणूस गणपती-शिमग्याला गावी यायचा तो मोकळ्या हाताने नाही. बिस्किटं, मिठाईचा बॉक्स, फरसाण. गावाला मुंबईची चव म्हणजे प्रगतीची चव. एसटी आली, हायवे रुंदावत गेला, 1993 मध्ये कोकण रेल्वे रोह्याहून आपल्या वीरपर्यंत पोचली. पूर्वी दोन दिवसांत येणारी माणसं एका रात्रीत यायला लागली. माणसं वाढली, बॉक्स वाढले. आणि मुख्य म्हणजे दरी बुजली. श्रीखंड, गुलाबजाम, पेढे, कोल्ड्रिंक आता फक्त सणाचं राहिलं नाही. वाढदिवस, हळद, सत्यनारायण, दहावीचा निकाल. सण रोजचा झाला आणि सणाच्या दिवशी त्याच्यावर आणखी एक थर चढला.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं की बाहेरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत हवी आणि पाच टक्क्यांवर आली तर आणखी उत्तम. पाच टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम, सहा चमचे. गूळही त्यातच धरायचा. सणाच्या दिवशी तीन चहातच हे संपतं, मोदक अजून वाफेवर असतो! 2023 मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले: देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह, आणि 13.6 कोटी उंबरठ्यावर.

त्या पाच-सहा दिवसांचा हिशेब

आता सगळ्यात महत्त्वाचं. सणाच्या जेवणाबद्दल बोलताना आपण पदार्थांबद्दल बोलतो, ते करणाऱ्या बाईबद्दल बोलत नाही. तिचे ते दिवस बघा.

भाद्रपद तृतीयेला हरितालिका. पुष्कळ घरांत निर्जळी. दुसऱ्या दिवशी चतुर्थी, पहाटेपासून स्वयंपाकघर. नैवेद्याआधी तोंडात काही घालायचं नाही. आरत्या, मग पुरुषांची आणि पाहुण्यांची पंगत, मग मुलांची. ही बसते तीन-साडेतीनला, उरलेल्या भातावर आणि चार मोदकांवर. पंचमीला ऋषीचा उपास. मग गौरीची धांदल, रात्रीची जागरणं. म्हणजे उपास, मग मेजवानी, पुन्हा उपास, पुन्हा मेजवानी, आणि झोप नाही. इन्सुलिनचं गणित बिघडवायला याहून वेगळं काही करावं लागत नाही. शिवाय ऋषिपंचमीचं व्रत परंपरेने बायकांना लावलं गेलं ते पाळीच्या विटाळाचा दोष जावा म्हणून. ज्या पाळीसाठी प्रायश्चित्त घ्यायचं, तीच पाळी या धावपळीत चुकायची. यातली विसंगती मी वेगळी सांगायला नको.

तर ताई, तुमचा प्रश्न "मोदक खाऊ का" एवढा नाहीच. तुमचा प्रश्न "मी कधी जेवते" हा आहे.

मग करायचं काय

मी डॉक्टर नाही. पण जे नीट तपासून घेतलंय ते सांगतो. पीसीओएसबद्दल 2023 मध्ये जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत स्पष्ट म्हटलंय की अमुक एकच आहार सगळ्यात चांगला, असं काही नाही. झेपेल, टिकेल, घरात चालेल असं खाणं आणि नियमित हालचाल. म्हणजे गावच्या ताटातच काम होऊ शकतं.

पहिलं, पहिल्या पंगतीला बसा. निदान घरातली दोन बायका-माणसं रोज आळीपाळीने. वाढायला पुरुषांनी उभं राहायचं. मुंबईहून आलेले भाऊ-दीर हे छान करू शकतात, त्यांनी करून बघावं.

दुसरं, नैवेद्य होईपर्यंत थांबायचं असेल तर आदल्या रात्री पोटभर जेवा. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल, किंवा दिवस गेलेले असतील, तर हरितालिकेचा निर्जळी उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. देवाला हे चालतं. सासूबाईंना मी सांगतो.

तिसरं, ताटाचा क्रम. आपल्या पानात डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी. पण खायला सुरुवात आपण करतो भातापासून किंवा मोदकापासून. उलटं करा. आधी कोशिंबीर, ऋषीची भाजी, उसळ, गौरीला असेल तर कोंबडीचा रस्सा. मग भात. गोड सगळ्यात शेवटी. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली तर जेवणानंतरची साखर कमी वाढते, हे प्रयोगांत दिसलंय.

चौथं, गोड ठरवून आणि बसून. दोन मोदक खायचे तर पानावर घेऊन, तूप घालून, चवीने खा. खरा धोका मोदकाचा नाही. ओट्यापाशी उभ्याने तोंडात गेलेला अर्धा पेढा, मुलाच्या ताटातला उरलेला लाडू, दर पाहुण्याबरोबर अर्धा कप चहा, हे मोजलंच जात नाही. पाहुण्याला साखरेऐवजी ताक द्या, कोकमाचं सार द्या. तेही कोकणच आहे.

पाचवं, जेवून लगेच आडवं होऊ नका. आपल्याकडे गणपतीत रात्री जाखडी नाचतात, बाल्या नाच. नाचा! नाही जमलं तर देवळापर्यंत चालून या. चरकाने यादीत पहिलं नाव बसून राहण्याच्या सुखाचं घातलंय, ते उगाच नाही.

आणि सहावं आहे ते वाढणाऱ्यांसाठी. आग्रह. "माझ्यासाठी एक" हे वाक्य टंचाईच्या काळातलं आहे. जिथे वर्षातून एकदाच गोड मिळायचं, तिथे आग्रह म्हणजे माया होती. आज ज्याच्या घरात फ्रीज भरलेला आहे त्याला आग्रह करून आपण काय देतो? आता माया दाखवायची तर विचारा, "तू जेवलीस का?"

मला वाटतं, पणजीचा वारसा मोदकांच्या संख्येत नाही. तो वाफेत आहे, परसातल्या भाजीत आहे, नाचणीच्या भाकरीत आहे आणि राबणाऱ्या अंगात आहे. तेवढा उचलू. तिची उपासमार, तिचं शेवटी जेवणं आणि नको म्हणायची चोरी मात्र तिथेच सोडून देऊ.

तुडीलच्या ताई, यंदा गणपतीत तुम्ही कितव्या पंगतीला बसलात, ते जरूर कळवा. बाकीच्यांनीही आपापल्या घरचं सांगा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.